आई बाल्कनीत आहे

लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते बेडरूमवरून.

गुरुग्रामात आमचं दोन बेडरूमचं घर आहे, टॉवरच्या अकराव्या मजल्यावर. नवरा आणि मी दोघंही मूळचे पुण्याचे, दोघंही कंपन्यांमधल्या नोकऱ्यांमुळे इकडे आलेलो. मुलं दोन. थोरली तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती आणि धाकट्याला तीन पूर्ण झाली होती. एरवी आमचं घर सकाळी आठ ते संध्याकाळी सात रिकामंच असायचं. मुलगी शाळेत, मुलगा पाळणाघरात, आम्ही आपापल्या ऑफिसात. त्यामुळे ते लहान आहे असं कधी वाटलं नव्हतं. मग एका रात्रीत चौघंही चोवीस तास घरात आलो, कामाला येणाऱ्या बायकांना सोसायटीच्या गेटवर अडवायला सुरुवात झाली, आणि घर काड्यापेटीएवढं झालं.

मागची बेडरूम सगळ्यात शांत. तिथे एसी आहे, दाराला आतून कडी आहे, आणि खिडकीतून लांबवर अरावलीच्या टेकड्या दिसतात. नवऱ्याने पहिल्याच सकाळी तिथे आपलं टेबल लावलं.

"मला पण खोली लागेल ना," मी म्हणाले.

"अगं, माझे कॉल क्लायंटबरोबर असतात," तो म्हणाला. "तुझे बरेचसे इंटर्नलच असतात ना?"

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. इंटर्नल! जसं काही आतल्या लोकांना कुकरच्या शिट्ट्या ऐकायला आवडतात. पण त्या दिवशी मुलीची ऑनलाइन शाळा सुरू होत होती, लिंक उघडत नव्हती, धाकटा पोहे जमिनीवर सांडून त्यात गाडी चालवत होता, आणि वाद घालायला माझ्याकडे वेळच नव्हता. बेडरूम त्याला गेली. दुसरी बेडरूम मुलीला, कारण तिच्या टीचरने "घर का एक शांत कोना" मागितला होता. मला जेवायचं टेबल मिळालं.

जेवायच्या टेबलावर मी जेमतेम आठवडाभर टिकले. मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात धाकट्याने खुर्चीवर चढून माझ्या मॅनेजरला चॅटवर एक अख्खी ओळ निरर्थक अक्षरं पाठवली आणि शेवटी नाचणाऱ्या बाईचं चित्र टाकलं. मॅनेजरचं उत्तर आलं, "नोटेड." त्या दिवशी मी इस्त्रीचं टेबल आणि प्लास्टिकची एक खुर्ची उचलली आणि बाल्कनीत गेले. सरकतं काचेचं दार मागे ओढून घेतलं की हॉलमधला आवाज जवळजवळ बंद व्हायचा. धूळ आणि उकाडा आत येऊ नये म्हणून आम्हीच मागच्या वर्षी जाड काच बसवून घेतली होती. माझ्या एका बाजूला वाळत घातलेले टॉवेल, दुसऱ्या बाजूला कबुतरं, आणि मध्ये मी, गळ्यात चांगली ओढणी आणि खाली पायजमा.

दिवस कसा जायचा ते सांगते. उठल्यावर केर, भांडी, डबे नसूनही डब्यांएवढा स्वयंपाक. मग मुलीला युनिफॉर्मचा वरचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसवायचं. तिचा आवाज बंद आहे की चालू ते बघायचं. धाकट्याला खेळ लावून द्यायचा, तो खेळ मोडला की दुसरा. मध्येमध्ये माझे कॉल. पुण्याहून आईचा फोन यायचा. "बरं झालं बाई, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुला मुलांबरोबर निवांत वेळ मिळतोय," ती म्हणायची. एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने मी भिंतीवरचं मार्कर पुसत असायचे. आईला काय सांगणार.

नवरा वाईट आहे असं नाही. रविवारी तो भांडी घासायचा. गेटवर जाऊन भाजीच्या रांगेत उभा राहायचा, सॅनिटायझर शिंपडत यायचा आणि मग तासभर प्रत्येक टोमॅटो मिठाच्या पाण्यात बुडवायचा. पण कामाच्या वेळात तो त्या खोलीत शिरला की या घरात राहातच नसे. त्याने खास हेडफोन मागवले होते. बाहेरचा आवाज आत येऊच देत नाहीत असे. "यार, काय भारी आहेत," तो म्हणाला होता. "कानाशी पण ओरडलं तरी कळत नाही."

हे खरं होतं. मी करून पाहिलं होतं.

एकदा मी त्याला मोबाइलवर मेसेज पाठवला, दूध संपलंय आणि तुझी चड्डी बाथरूमच्या मध्यभागी पडली आहे. तो तेव्हा त्यांच्या बड्या साहेबांना स्क्रीन दाखवत होता. मेसेज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोपऱ्यात उगवला. साहेब म्हणे मराठी होते. त्या दिवसापासून त्याने कामाच्या वेळी सगळे मेसेज बंद करून टाकले आणि फोन उलटा ठेवायला लागला. म्हणजे आता त्याला गाठायचा एकच मार्ग उरला, दार बडवणं. तेही हेडफोन नसतील तरच.

खालच्या मजल्यावर एक आंटी राहायच्या. पंजाबी, साठीच्या, आवाज खणखणीत. आमचा धाकटा दिवाणावरून उड्या मारायचा आणि ते सगळं त्यांच्या डोक्यावर. रोज इंटरकॉम वाजायचा. "मैडम, बच्चों को संभालिए, मेरा बीपी बढ़ जाता है." मी माफी मागायचे. कधीकधी त्या थेट सोसायटीच्या ग्रुपवर लिहायच्या, आमच्या फ्लॅटच्या नंबरसकट. मग माझं डोकं तडकायचं. तीन वर्षांच्या मुलाला मी कुठे नेऊन सोडू? खाली पार्कला पिवळी पट्टी बांधलेली, झोपाळे दोरीने आवळून ठेवलेले. धाकट्याला मात्र इंटरकॉम फार आवडायचा. वाजला की स्टूल ओढत नेऊन तो उचलायचा, "हॅलो, कौन?" म्हणायचा आणि समोरचं माणूस बोलायला लागलं की ठेवून द्यायचा.

ती मेमधली सकाळ होती. अकराच्या सुमारास बाहेर लू, म्हणजे इकडचा तो भाजून काढणारा वारा, वाहायला लागली होती आणि बाल्कनीत अजून ऊन होतं. मी कुकर लावला, वरण आणि भात. तीन शिट्ट्या झाल्या की येऊन बंद करायचा असं ठरवलं. मुलगी तिच्या खोलीत हिंदीच्या तासाला बसली होती, कानाला हेडफोन, कारण टीचरचा आवाज घरभर नको. नवरा मागच्या बेडरूममध्ये. त्याचं त्या दिवशी मोठं प्रेझेंटेशन होतं, त्याने सकाळीच बजावलं होतं, "आज प्लीज काही झालं तरी दार वाजवू नका." धाकट्याला मी कार्टून लावून दिलं, वाटीभर कुरमुरे दिले आणि बाल्कनीत जाऊन माझ्या कॉलला लागले. मोबाइल आत चार्जिंगला होता.

थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. धाकटा नाक चपटं करून काचेला चिकटला होता. मी हसून हात हलवला. त्यानेही हलवला. मग त्याची नजर दाराच्या खटक्यावर गेली. तो खटका त्याच्या बरोब्बर छातीशी येतो. त्याला मुलाचा हात पोचतो, काहीतरी कर, असं मी नवऱ्याला किती वेळा सांगितलं होतं. "करतो ना, या रविवारी," असं तोही तितक्याच वेळा म्हणाला होता.

धाकट्याने दोन्ही हातांनी खटका खाली दाबला. खट् असा आवाज झाला आणि दार आतून लागलं.

मी आधी रागावलेच नाही. खुणेने सांगितलं, वर कर. त्यानेही मला तीच खूण केली. मी उठून काचेशी गेले, बोटाने खटका दाखवला. त्याने आतून माझ्या बोटावर बोट ठेवलं आणि खूश होऊन खिदळायला लागला. मग त्याने खरंच प्रयत्न केला. पण खाली दाबायला जोर लागत नाही, वर उचलायला लागतो. त्याला जमलं नाही. दोनदा ओढून पाहिलं, कंटाळला, आणि परत कार्टूनसमोर जाऊन बसला.

तेवढ्यात कुकरची पहिली शिट्टी झाली.

आणि कानातल्या हेडफोनमधून मॅनेजर म्हणाला, "ओव्हर टू यू."

मी काय केलं असेल? मी चक्क स्टेटस दिलं. कुठलं काम झालं, कुठलं अडकलंय, कधीपर्यंत होईल, सगळं नीट सांगितलं. आज आठवलं तरी स्वतःचा राग येतो. धाकटा आत एकटा, गॅस चालू, मी बाहेर कोंडलेली, आणि तोंडातून मात्र अगदी शांतपणे डिलिव्हरीच्या तारखा निघत होत्या. दोन महिन्यांत सवयच तशी झाली होती, मागे काहीही पेटलेलं असो, कॅमेऱ्यासमोर चेहरा सरळ ठेवायचा. माझं झालं, मी आवाज बंद केला, आणि मग मात्र काच दोन्ही हातांनी बडवायला लागले.

स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी बाल्कनीच्या बाजूलाच आहे. मी जाळीला तोंड लावून नवऱ्याला हाका मारल्या. मुलीला मारल्या. दोघांच्याही कानात हेडफोन. आला तो धाकटा. "मम्मा, तू कुठून बोलते?" म्हणत तो स्वयंपाकघरात शिरला आणि गॅसच्या दिशेने आवाज शोधत यायला लागला. मी गप्पच बसले. परत काचेशी धावले, तिथून हात हलवले, माकडासारखे चेहरे केले, तेव्हा कुठे तो हॉलमध्ये परत आला. म्हणजे आता ओरडायचीही सोय उरली नाही. ओरडले की पोरगं गॅसपाशी जाणार.

दुसरी शिट्टी.

लॅपटॉप माझ्याजवळ होता. मी नवऱ्याला मेसेज पाठवला. "बाल्कनीत अडकले आहे. ये." मग "लवकर ये." मग "कुकर!!!" एकही वाचला गेला नाही. ईमेल पाठवला, विषयात "अर्जंट" लिहून. दहा पावलांवर बसलेल्या आपल्याच नवऱ्याला मी ईमेल पाठवत होते. उन्हाने लॅपटॉपची स्क्रीन धड दिसत नव्हती, घाम डोळ्यांत जात होता. मी खुर्ची उचलली आणि दाराच्या चौकटीवर आपटायला लागले. म्हटलं, जमिनीतून हादरा तरी पोचेल.

पोचला, पण खालच्या मजल्यावर.

"मैडम! आज तो हद हो गई! छत तोड़कर नीचे आओगे क्या?" आंटी त्यांच्या बाल्कनीत येऊन वर बघत होत्या.

मी कठड्यावरून वाकले. "आंटी, मैं बाहर बंद हो गई हूँ!"

"बाहर बंद? तो अंदर जाओ ना!"

"बच्चे ने अंदर से लॉक कर दिया है. गैस पर कुकर है."

"हाय रब्बा. और साहब? साहब कहाँ हैं?"

"अंदर."

"अंदर हैं तो खोलते क्यों नहीं?"

"मीटिंग में हैं. हेडफोन लगाकर."

आंटींनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "मेरे वाले तो बिना मीटिंग के भी नहीं सुनते. रुको, मैं इंटरकॉम करती हूँ."

आत इंटरकॉम वाजायला लागला. काचेतून मला सगळं दिसत होतं. धाकटा आनंदाने उठला, स्टूल ओढत नेलं, वर चढला, रिसीव्हर कानाला लावला. यावेळी तो चक्क बोलला. मान डोलावत बराच वेळ बोलला. मग ठेवून दिला आणि परत कुरमुरे खायला बसला.

खालून आंटींचा आवाज आला. "कहता है पापा मीटिंग में हैं, और मम्मा घूमने गई है!"

घूमने! दोन महिने मी दूधवाल्याच्या पलीकडे कुठे गेले नव्हते.

"मैं ऊपर आती हूँ," आंटी म्हणाल्या. थोड्या वेळाने बेल वाजली. एकदा, दोनदा, मग सलग. धाकटा दाराशी गेला, पण वरची कडी त्याच्या हाताला येत नाही. नवऱ्याला बेल ऐकू आली नाही. मुलीलाही नाही. मुलीला आली असती तरी तिने उघडलं नसतंच, कारण कोरोनात बाहेरच्या कोणालाही दार उघडायचं नाही हे मीच तिच्या डोक्यात ठासून भरलं होतं.

तिसरी, चौथी शिट्टी झाली आणि मग शिट्ट्या बंद झाल्या. हे जास्त वाईट. पाणी आटलं होतं. जाळीतून करपट वास यायला लागला. मी लॅपटॉपसमोर येऊन बसले आणि समोर मेलच्या यादीत मुलीच्या शाळेचा मेल दिसला. हिंदीच्या तासाची लिंक.

मी माझा ऑफिसचा कॉल तोडला आणि मुलीच्या वर्गात शिरले.

आधी "कृपया थांबा, टीचर तुम्हाला आत घेतील" अशी पाटी आली. मी त्या पाटीला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग एकदम सगळा वर्ग समोर आला. छोट्या छोट्या चौकटींत छोटे छोटे चेहरे. कोणी नाकात बोट घालतंय, कोणी आजोबांच्या मांडीवर, कोणाचा नुसता पंखा दिसतोय. टीचर तरुण होती, तिच्या खांद्यावर एक तान्हं बाळ पेंगत होतं आणि ती त्याला थोपटत थोपटत मात्रा शिकवत होती. एका कोपऱ्यात माझी लेक, पेन्सिल चावत.

"मैम, सॉरी, एक मिनट," मी म्हणाले. आणि लेकीला हाक मारली. घाबरले की माझ्या तोंडून फक्त मराठीच निघतं. "बाळा, बाहेर ये! बाल्कनीच्या दाराचा खटका लागलाय, तो वर कर! पटकन!"

लेकीने वर पाहिलं. आपल्या वर्गात, सगळ्या मित्रमैत्रिणींसमोर, विस्कटलेल्या केसांची, घामाने निथळणारी आई पाहून तिचा चेहराच पडला. तिने आधी कॅमेरा बंद केला.

"मैम," टीचर काळजीने म्हणाली, "किस बात का खटका है आपको? आप ठीक तो हैं?"

हिंदीत खटका म्हणजे मनातली धास्ती. ती बिचारी बरोबरच विचारत होती. कुठल्याशा चौकटीतून एक मुलगा ओरडला, "मैम, आंटी खटमल बोल रही हैं!" खटमल म्हणजे ढेकूण, आणि सगळा वर्ग आवाज चालू करून खटमल खटमल म्हणून हसायला लागला.

"लॉक!" मी किंचाळले. "बालकनी का लॉक! मैं बाहर बंद हूँ! गैस चालू है!"

वर्ग एकदम चिडीचूप. टीचरने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि असा काही आवाज काढला की मीसुद्धा खुर्चीत ताठ झाले. तिने माझ्या लेकीचं नाव घेतलं. "बेटा, हेडफोन निकालो. उठो. बालकनी में जाकर मम्मा का दरवाज़ा खोलो. अभी. गैस को हाथ नहीं लगाना."

मी काचेला डोळे लावून उभी राहिले. लेकीच्या खोलीचं दार उघडलं. ती आली, युनिफॉर्मचा शर्ट आणि खाली फुलाफुलांची चड्डी, चेहरा रागाने लाल. खटका दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, तिने तो वर ओढला. दार सरकलं.

"मम्मा, आप क्लास में क्यों आए?" हे पहिलं वाक्य. माझ्याशी, हिंदीत.

मी तिला बाजूला सारून स्वयंपाकघरात धावले, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. कुकर तापून काळानिळा झाला होता. नंतर थंड झाल्यावर झाकण काढलं तर वरणाच्या जागी कोळसा होता आणि शिट्टीखालची जाळी भाताने गच्च बसली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. नंतर पुष्कळ दिवस केला.

मग पुढचं दार उघडलं. आंटी नाकावर ओढणी गुंडाळून लांब उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात हातोडी होती. "मैं तो ताला तोड़ने वाली थी," त्या म्हणाल्या. मी थँक यू म्हणायला लागले आणि माझं तोंडच वाकडं झालं, रडू यायला लागलं. त्यांनी हातोडी हलवून मला थांबवलं. "रोना बाद में. पहले पानी पियो. धूप में मर जाओगी." धाकटा माझ्या पायामागून डोकावून म्हणाला, "आंटी, मम्मा आ गई!"

बाल्कनीत लॅपटॉप अजून चालू होता. मी परत गेले तर टीचर म्हणत होती, "मैम? मैम, खुल गया?" मी हो म्हटलं आणि अख्ख्या पहिलीच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. टीचरचं बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. त्याला थोपटत थोपटतच तिने मला वर्गाबाहेर काढलं.

नवरा बाहेर आला तेव्हा मी जमिनीवर, फ्रीजला टेकून बसले होते. लेक रुसून तिच्या खोलीत होती. तो मात्र अगदी खुशीत होता, हेडफोन गळ्यात.

"अगं, मस्त झालं प्रेझेंटेशन! बिल्कुल मक्खन." मग त्याने नाक फेंदारलं. "कसला वास येतोय? जेवायला काय आहे?"

मी सगळं सांगितलं, खटक्यापासून. तो ऐकत होता, आणि खटमलचं आलं तेव्हा त्याला हसू फुटलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, पण मला दिसलं.

"हसू नकोस," मी म्हणाले.

"नाही, नाही. सॉरी. पण अगं, मला आवाज द्यायचा ना!"

"दिला."

"मेसेज तरी करायचास."

"फोन बघ."

त्याने फोन सरळ केला. माझे सगळे मेसेज एकाखाली एक होते. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला. शेवटच्या "कुकर!!!"पाशी त्याने वळून काळ्या कुकरकडे पाहिलं. मग म्हणाला, "धाकट्याला जरा शिस्त लावायला पाहिजे."

या वाक्याने माझी झोप, भूक, थकवा, सगळं एकदम उडालं. मी उठले, बेडरूममध्ये गेले, त्याचा लॅपटॉप, चार्जर, माऊस, पाण्याची बाटली उचलली आणि बाल्कनीत नेऊन इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. माझं सामान बेडरूममध्ये आणलं.

"अगं, तिथे ऊन आहे!" तो मागे मागे येत म्हणाला.

"टोपी घाल."

"माझे क्लायंट..."

"त्यांना टॉवेल दिसले तर दिसू देत. माझ्या लोकांना दोन महिने दिसतायत."

तो आणखी काहीतरी म्हणणार होता, पण माझ्याकडे पाहून थांबला. बहुधा मी भांडतच नव्हते म्हणून. एरवी मी बोलते, तो ऐकून घेतो आणि दोघंही विसरतो. त्या दिवशी मी बोलण्याऐवजी सामान हलवलं होतं. त्या संध्याकाळी आम्ही दुधात बुडवून ब्रेड खाल्ला. कुकर रात्रभर सिंकमध्ये भिजत पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाल्कनीत बसला. पाऊण तासात उठून आत आला, स्क्रू ड्रायव्हर शोधला, आणि दाराचा खटका काढून त्याच्या जागी उंचावर, मुलाच्या हाताला लागणार नाही अशी साधी कडी बसवली. दहा मिनिटांत झालं. मी चहा गाळत ते बघत होते. कित्येक रविवार जे झालं नव्हतं ते स्वतः तिथे बसायची वेळ आल्याबरोबर झालं. चहाचा कप मात्र जरा जोरात आदळला.

लेक माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. वर्गात तिला सगळे "खटमल आंटी की बेटी" म्हणायला लागले होते. तिसऱ्या दिवशी तिने मला ताकीद दिली, "मम्मा, आता परत क्लासमध्ये नाही यायचं. प्रॉमिस कर." मी केलं. आंटींना मी शिरा करून पाठवला, त्यांनी डबा परत करताना त्यात लोणचं दिलं, आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर परत आमची तक्रार केली, फ्लॅटच्या नंबरसकट. दिवाणावरच्या उड्या थोड्याच थांबल्या होत्या!

बेडरूममधला माझा पहिला दिवस मात्र मला चांगला आठवतो. दार लावलं, एसी लावला, कडी घातली. टेकड्या दिसत होत्या, हवा त्या दिवसांत इतकी स्वच्छ असायची की त्यांच्यावरची झाडं वेगळी ओळखू यायची. मी कॉल सुरू केला आणि माझ्या लक्षात आलं, मला सगळं ऐकू येतंय. कुठल्या खोलीत काय पडलं, कोण रुसलं, नळ कोणी चालू ठेवला. हीच खोली, हेच दार. पहिल्यांदा धाकटा रडला तेव्हा मी धावत बाहेर गेले. पाणी सांडलं होतं. दुसऱ्यांदा गेले. कुरमुरे संपले होते. नवरा बाल्कनीतून दार सरकवून येईपर्यंत मी दोन्ही वेळा पोचले होते, आणि मला आलेली पाहून तो परत फिरला.

दुपारी परत रडणं सुरू झालं. मी खुर्चीवरून अर्धी उठले. मग बसले. हात टेबलाच्या कडेला घट्ट धरून ठेवले. रडणं वाढत गेलं, मला माझ्या कॉलमधलं एक अक्षर कळत नव्हतं. मग बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ नवऱ्याचा, अगदी वैतागलेला.

"अरे यार! आता काय झालं? आणि हे सगळं कोणी सांडलं?"

मी खुर्ची खिडकीकडे वळवली, आवाज चालू केला आणि मॅनेजरला म्हणाले, सॉरी, जरा पहिल्यापासून सांगाल का?